शक्य तिथे वळा

हापसालूच्या दुकानात लीविकाने
काचेवर तीन यंत्रं मांडली.
हे पाच इंची, हे सात,
ह्याचे नकाशे जन्मभर फुकट.
"कोणाच्या जन्मभर?" मी विचारलं.
ती हसली नाही. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून म्हणाली,
"यंत्राच्या."

मी पियानो लावतो. एकोणचाळीस वर्षं.
फोन बटणांचा आहे, तसाच राहणार.
शाळा, चर्च, कुणाच्या आत्याची बैठकीची खोली,
तारा उतरलेल्या घरांची यादी वहीत असायची,
वळणं डोक्यात.
यंदा डोकं दोनदा
नको त्या फाट्यावर उतरलं.
माइमूला एकदाचंच सांगितलं.

तिने चिठ्ठी दिली होती:
उन्हात पडदा दिसतो का,
बॅटरी किती टिकते,
काचेला चिकटणारी वाटी थंडीत सुटते का.
विचारलं सगळं, ओळीने.
पण खरं म्हणजे मी ऐकत होतो.

पहिली काळी दोनच्याही वर,
प्रत्येक वळणाला बशी आपटणारी.
दुसरा बाप्या. गावांची नावं
गरम बटाट्यासारखी तोंडात घोळवायचा.
तिसरी पांढरी चारच्या केसभर खाली,
खुंटीला अजून अर्धा पीळ हवा अशी.
पण "डावीकडे" म्हणण्याआधी
ती बारीकसा श्वास घ्यायची.
तो कापायचा कुणी तरी विसरलं होतं.
हीच द्या, म्हणालो.

वाटी सुटलीच. उणे अठराला, रिस्तीच्या अलीकडे,
बाई माझ्या पायाशी पडून म्हणत राहिली, सरळ चला.
माइमूने मग जुन्या पडद्याची पिशवी शिवली,
आत वाळके वाटाणे भरले.
तेव्हापासून ती डॅशबोर्डवर
गादीला टेकून बसते.

फेब्रुवारीत समुद्र गोठला.
बेटावरच्या शाळेचा पियानो नाताळपासून वाट बघत होता.
रोहुक्यूलाच्या धक्क्यावर पोरगेलासा पहारेकरी:
पट्टा सोडून बसा, आजोबा,
थांबू नका,
आणि पंचवीस ते चाळीसच्या मधल्या वेगाने तर नकोच.
बर्फाखाली लाट उठते, तिच्याशी गाडी जुळली की —
मी म्हटलं, हे मला नको सांगूस.
एक तार छेडली की न छेडलेली दुसरी बोलते,
त्यावरच माझं पोट चालतं.

उतारावरून चाकं खाली गेली आणि
पडदा निळा झाला.
सगळा. कडेपासून कडेपर्यंत.
मध्ये माझा बाण, बुडालेल्या माशासारखा,
तरी पुढे सरकणारा.
"शक्य तिथे वळा."
खिडकीबाहेर पांढरं, फक्त पांढरं,
आणि बर्फात खोचलेल्या जुनिपरच्या फांद्या.
"शक्य तिथे वळा."
"वळा."
बिचारी. तिच्या हिशोबी मी केव्हाच मेलो होतो.
आवाज बंद करता आला असता,
बटण कुठलं ते लीविकाने दाखवलं होतं.
नाही केला.
मग तीच गप्प झाली, आणि खालून बर्फ बोलायला लागला,
खर्जात, लांबून लांब.
वीस. वीसच ठेवले.

हेल्टरमाची जमीन लागली तशी
तिने श्वास घेतला.
"उजवीकडे."
मी "बरं" म्हणालो. मोठ्याने.

शाळेत पांढऱ्या चारवर आलो तेव्हा
किल्लीवरचा हात थांबला.
केसभर खाली ठेवावी? कुणाला कळलं असतं?
नाही ठेवली. मुलांचा पियानो आहे.

साडेतीनला गाडीत येऊन बसलो.
अंधारला की बर्फावरचा रस्ता बंद करतात.
चावी हातात होती,
आणि कुठून आलो ते कुठेच नव्हतं.
अंगण, सायकली, झेंड्याची काठी.
हे कुठलं गाव?

यादीत वर एकच शब्द होता,
माइमूने स्वतःच्या बोटाने टाकलेला:
घर.
त्यावर बोट ठेवलं
आणि तिच्या श्वासाइतका वेळ
थांबलो.